माझा हात हलत नव्हता

दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या तर नुसत्या गोंदावर भरवसा ठेवता येत नाही. गोंद लावून शिकंज्यात आवळू लागलं की फळ्या घसरतात, एक वर राहते, एक खाली. त्यासाठी बिस्किट जॉइनर नावाचं मशीन मिळतं. दिसायला ग्राइंडरसारखं, हातात धरायचं. फळीच्या कडेला टेकवून पुढे दाबलं की आतलं गोल पातं बाहेर येतं आणि लाकडात अर्ध्या चंद्रासारखी खाच पाडतं. शेजारच्या फळीलाही समोरासमोर तशीच खाच पाडायची. मग दोन्ही खाचांत गोंद घालून लाकडाची एक चपटी, बदामाच्या बीसारखी चकती बसवायची. तिलाच बिस्किट म्हणतात. गोंदाच्या ओलाव्याने ती फुगते आणि दोन्ही फळ्या एका पातळीत धरून ठेवते.

मी घरात पहिल्यांदा 'बिस्किटाचं मशीन घ्यायचं आहे' म्हटलं तेव्हा नवऱ्याला वाटलं, मी बेकरी काढते आहे.

मी सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. नोकरीचा बराच काळ रक्त काढण्यात गेला. राहायला आम्ही पिपरी मेघेत. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, जाताना त्याची मोटारसायकलही घेऊन गेला, आणि घरापुढचं पोर्च मोकळं झालं. त्या सुमारास स्वयंपाकघरातला एक कप्पा निखळला होता. सुतार 'उद्या येतो' म्हणत राहिला. शेवटी मी वडनेरला माझ्या धाकट्या भावाला फोन केला. तो शेती करतो, पण त्याला लहानपणापासून हत्यारांची आवड. रविवारी तो ड्रिल आणि करवत घेऊन आला, आणि कप्पा आम्ही दोघांनी मिळून बसवला. बसवताना मला इतकी मजा आली की जेवण झाल्यावर मी त्याला विचारलं, "आणखी काय करता येईन रे?"

तिथून ते सुरू झालं. एक रविवार तो माझ्याकडे, एक रविवार मी वडनेरला, त्याच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये. आम्ही चपलांचं रॅक केलं, स्टूल केलं, त्याच्या बायकोसाठी मसाल्याच्या डब्यांची मांडणी केली. स्टुलाचा एक पाय आखूड निघाला म्हणून बाकीचे तीन कापले, मग दुसराच आखूड झाला, आणि शेवटी त्या स्टुलाचा पाट झाला. त्या दिवशी आम्ही दोघं शेडमध्ये भुशावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

हे सांगायला हवं, कारण त्याआधी बरीच वर्षं आम्ही बहीणभाऊ फक्त राखीला आणि भाऊबीजेला भेटत होतो. ओवाळणं, जेवण, पोरांची विचारपूस, आणि चारच्या गाडीने परत. त्याच्या घरातल्या बातम्या मला भावजयीकडून कळायच्या. लाकडामुळे मला भाऊ परत मिळाला, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते.

मग मला जेवणाचं टेबल करायची हौस आली. टेबल म्हणजे वरचा रुंद पाट आला, आणि तेवढी रुंद सागवानी फळी एकाच तुकड्यात मिळत नाही. अरुंद फळ्या जोडायच्या. तिथे या मशीनची गरज पडली.

तो अख्खा हिवाळा आम्ही मशीन निवडण्यात घालवला. रात्रीची जेवणं आटोपली की त्याचा फोन यायचा. "ताई, तो नवीन व्हिडिओ पाह्यला का?" मी पाहिलेला असायचा. आम्हाला परवडेल असं, पण काम नीट करील असं मशीन हवं होतं, आणि बाजारात तीन तऱ्हा होत्या. एक, ग्राइंडरला लावायचं जोडसामान. ते सगळ्यात स्वस्त, पण ते पाहूनच मला भीती वाटली. पातं उघडं राहत होतं. दोन, कुठल्याशा नवीन कंपनीचं हलकं मशीन. तीन, त्याच्याहून बरंच महाग, पण सुतार लोक ज्याचं नाव घेतात असं. त्या तिसऱ्यातही एक साधं मॉडेल होतं आणि एक सगळ्या सोयींचं.

वाचून वाचून आम्हाला एवढं कळलं होतं की मोटर किती ताकदीची आहे, सोबत पिशवी किती मोठी देतात, याला फारसं महत्त्व नाही. महत्त्व पुढच्या टेकणपट्टीला. ती फळीच्या वरच्या अंगावर टेकते आणि खाच किती खाली पडणार हे तीच ठरवते. ती पात्याशी समांतर राहिली पाहिजे, आणि स्क्रू आवळल्यावर जागची हलता कामा नये. ती हलली की मशीन कितीही जोरदार असो, खाचा वरखाली पडणार.

एका शनिवारी मी सुटी टाकली आणि आम्ही दोघं नागपूरला गेलो. दुकानदाराने दुसऱ्या तऱ्हेचं आणि तिसऱ्यातलं साधं, अशी दोन मशीनं काउंटरवर ठेवली. मी दोन्हींची टेकणपट्टी वर करून, आवळून, अंगठ्याने दाबून पाहिली. महागातली दगडासारखी राहिली. स्वस्तातली किंचित दबल्यासारखी वाटली.

"हे थोडं खेळते वाटते रे," मी भावाला म्हणाले.

त्याने ती हातात घेतली, स्क्रू पुन्हा आवळला. "आता पाह्य. बसलं ना. तू सैल ठेवलं होतं."

"मॅडम, घर के काम के लिए ये बहुत है," दुकानदार म्हणाला. "वो वाला तो दिनभर चलाने वालों के लिए है."

मी तरी साध्या महागड्याकडेच पाहत होते. थोडं थांबून, आणखी दोन महिने जमवून ते घेता आलं असतं. भावाने मला बाजूला घेतलं. त्याचं बोलणं मला शब्दासकट आठवतं, कारण ते मला फार आवडलं होतं.

"ताई, आपल्याले काय दुकान टाकायचं हाये का? हेच घे. मीही कापूस विकला का हेच घेतो. दोघांकडे सारखं असलं का पाती, बिस्किटं वाटून घेता येते. एकाचं बिघडलं तर दुसऱ्याचं कामी येते."

दोघांकडे सारखं मशीन. मला त्यात मशीनपेक्षा दुसरंच काही ऐकू आलं. मी ते घेतलं. परतीच्या गाडीत खोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो खिडकीपाशी बसून मशीनच्या सूचना मला वाचून दाखवत होता.

उन्हाळ्यात मी आरामशिनीवरून, म्हणजे लाकडाच्या गिरणीतून, सागवानी फळ्या आणल्या, तिथेच रंधून घेतल्या. उरलेलं रंधणं मी घरी केलं. खुणा केल्या, खाचा पाडल्या, गोंद, बिस्किटं, शिकंजे. दुसऱ्या दिवशी शिकंजे सोडले आणि जोडावरून बोट फिरवलं तर बोट अडलं. एक फळी वर, दुसरी खाली. उंबरठा म्हणावा इतका नाही, पण नख अडकेल इतका. पुढच्या जोडाला त्याच्या उलट.

मी भावाला फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला. त्याने किती बारकाईने विचारलं! चूक सुरवातीच्या खाचांना आहे का शेवटच्या? मशीन तापल्यावर जास्त होते का? टेकणपट्टीचा स्क्रू काम करता करता सैल होतो का? एका अंगाला जास्त खाली जाते का दोन्ही अंगांना? मी प्रत्येक गोष्ट तपासून सांगितली. रद्दी तुकड्यांवर खाचा पाडून मापं घेतली, त्यांचे फोटो काढले. नवरा म्हणाला, "भाऊ असावा तर असा. शेती सोडून तुझ्या फळ्यांचा विचार करतो."

मला तसंच वाटत होतं.

पावसाळ्यात लाकूड ओल धरतं म्हणून काम थांबवलं. गणपतीनंतर फळ्या कापून, रंधून पुन्हा जोडल्या. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी उंचवटा घासून काढावा लागे आणि पाट पातळ होत जाई. भावाच्या मशीनची गोष्ट निघाली की तो म्हणे, "या वर्षी नाई जमत. पुढच्या साली पाहू." त्याचं रविवारचं येणंही कमी झालं होतं. मी वडनेरला येते म्हटलं तर म्हणाला, "शेडमध्ये कापूस भरला हाये ताई, उभं राहाले जागा नाई. येऊन काय करशील?" कापसाचे दिवस होते. मला खरं वाटलं.

भाऊबीजेला तो आणि भावजय आले. जेवणं झाल्यावर मी त्याला पोर्चमध्ये नेलं आणि टेबलाचा पाट दाखवला. त्याने जोडावर तळहात फिरवला, वाकून कडेने पाहिलं.

"तू एक खाच पाडून दाखव बरं," मी म्हणाले. "तुझ्या हाताने कशी पडते ते पाहू."

"आता नको वो. पोट भरलं हाये. तूच पाड, मी पाह्यतो."

मी मशीन चालू केलं, एका तुकड्यावर खाच पाडली. तो माझ्या हाताकडे पाहत होता. मग म्हणाला, "ताई, तुहा हात हलते."

"म्हणजे?"

"दाबताना मनगट उचलते तुहं. बारीक थरथर हाये. तुले समजत नाई, पण मले दिसून राह्यली. मशीन चांगलं हाये."

मी हात पुढे करून पाहिला. पाहायला लागलं की कोणाचाही हात थोडा थरथरतो हे मला माहीत आहे. तरी त्या दिवशी तो मला थरथरतानाच दिसला.

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. आमच्या दवाखान्यात हात थरथरणारी माणसं रोज येतात. त्यांच्यातल्या काहींचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. त्यानंतर मी सकाळी चहाचा कप उचलताना चहाकडे बघू लागले. भाकरी थापताना, चावी लावताना, सही करताना माझं लक्ष हाताकडे. लॅबमध्ये लहान बाळांचं रक्त काढायचं असलं की सगळे मला बोलावत. बाळाची शीर म्हणजे दोऱ्यासारखी असते. ती मला लगेच सापडते, हा माझा आजवरचा मान होता. मी ते काम सोबतच्या मुलीला देऊ लागले. "तू कर ग, माझा चष्मा आज नीट नाही," असं काहीबाही सांगून. एकदा ती चुकली, बाळाला पुन्हा टोचावं लागलं, आणि त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला उभी होते, हात ॲप्रनच्या खिशात घालून.

शेवटी आमच्याच दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हात समोर धरायला लावले, बोटांवर कागद ठेवला, नाकाला आणि त्यांच्या बोटाला आळीपाळीने हात लावायला सांगितलं, गोल गोल रेघ काढून घेतली. म्हणाले, "काही नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"भावाने," मी म्हणाले.

"भाऊ डॉक्टर आहे?"

मी नाही म्हटलं. त्यांनी हसून मला परत पाठवलं. पण मी घाबरलेली होते, आणि घाबरलेल्या माणसाला 'काही नाही' हे उत्तर पुरत नाही. तपासायला जायच्या आदल्या दिवशी मी भावाला फोन केला होता. "मी डॉक्टरले दाखवून राह्यली उद्या," म्हटलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाखवून घे. चांगलंच हाये. वय झालं का होते असं थोडंफार."

मशीन मी खोक्यात भरून कपाटावर ठेवलं. पाट भिंतीला टेकवून वर जुनी चादर टाकली. पोर्चमध्ये नवऱ्याने कुंड्या मांडल्या.

माघात भावाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मी आत्या, म्हणून एक दिवस आधीच वडनेरला गेले. घर पाहुण्यांनी भरायला लागलं होतं. पुढच्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस होता, त्याच्यावर ताडपत्री टाकून तीवर सतरंजी घातली होती. ते पाहून मला नवल वाटायला हवं होतं, पण घाईत होते. भावजय म्हणाली, "ताई, मुलामुलीले बसाले चौरंग काढा लागते. शेडमधी हाये. चला, दोघी आणू."

शेडमध्ये कापसाचं एक बोंडही नव्हतं.

मध्ये नवीन वर्कबेंच होता. त्याचा पाट सागवानी, पाच-सहा फळ्यांचा, तेल पाजलेला. मी काही विचार न करता जोडावरून बोट फिरवलं. बोट कुठेच अडलं नाही. जोड डोळ्यांना दिसत होता, बोटाला लागत नव्हता. बेंचखालच्या फळीवर एक मशीन उघड्या खोक्यात ठेवलं होतं. तिसऱ्या तऱ्हेचं. साधंही नव्हे, सगळ्या सोयींचं.

"हे कवा आणलं?" मी विचारलं.

"हे ना? दसऱ्यालेच आणलं की," भावजय म्हणाली. ती चौरंगावरचा भुसा पदराने पुसत होती. "नागपूरले जाऊन आले एकटेच. तुमाले नाई सांगितलं का?"

"नाई."

"अव, तुमचंवालं पाहूनच तर ठरवलं त्यायनं. मले म्हणे, पयले ताईले घेऊ दे, कसं चालते ते पाहू, मंग आपण घेऊ. तुमचे फोटो रोज पाहत. म्हणे, ताईनं सारं मापून पाठवलं, आपले पैसे वाचले." ती कौतुकाने सांगत होती. तिच्या दृष्टीने ही नणंदेची भावाला झालेली मदत होती. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती थांबली. "काऊन वो ताई? काय झालं?"

"काई नाई. पकड त्या बाजूनं," मी म्हणाले, आणि आम्ही चौरंग उचलून बाहेर आणला.

दसरा. भाऊबीज त्यानंतर येते. म्हणजे तो माझ्या पोर्चमध्ये वाकून पाट पाहत होता तेव्हा हे मशीन त्याच्या घरी होतं. त्यावर त्याने हा बेंच जोडलाही असेल. मशीनमध्ये काय खोट आहे हे त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं, कारण मीच ते मापून, फोटो काढून त्याला कळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवराही आला. साक्षगंध व्यवस्थित पार पडलं. मी पोरीची ओटी भरली, पाहुण्यांना वाढलं, व्याह्यांशी गप्पा मारल्या. भाऊ दोनदा माझ्याजवळून गेला, "ताई, तू जेवली का?" विचारत. मी हो म्हटलं. दुपारी पाहुण्यांची गाडी गेली. मांडववाले खुर्च्या गोळा करू लागले. मी त्याला म्हटलं, "जरा शेडमधी ये."

आत आल्यावर मी बेंचकडे बोट केलं. तो खांबाला टेकून उभा राहिला.

"तुले सांगणारच होतो मी," तो म्हणाला.

"कवा?"

"हे साक्षगंध झालं का."

"कापूस भरला हाये म्हणून मले येऊ नाई दिलं तू इथं."

तो बेंचवरचा भुसा हाताने सारू लागला.

"नागपूरले मी ते महागाचं घेत होती. तूच नको म्हणाला."

"एकानं तर घेऊन पाहाच लागते ना, ताई," तो म्हणाला. चिडून नाही. समजावून सांगितल्यासारखं. "आपल्याले कोणालेच माहीत नोतं. दोघांनी सारखं घेतलं असतं तर दोघंही फसलो असतो. मले एवढी सवड नाई पैशाची, तुमच्या घरी दोन पगार हायेत."

हे ऐकून मला राग आला, पण तो सहन होण्यासारखा राग होता. भावाने मला पुढे केलं, स्वतः मागे राहिला. लोक करतात असं. मी म्हटलं, "ते जाऊ दे. माझा हात हलते म्हणून काऊन सांगितलं?"

त्याने खाली पाहिलं.

"तुले माहीत होतं का मशीनच खराब हाये. मी दवाखान्यात दाखवाले गेली. तुले फोन केला आदल्या दिवशी. तू म्हणाला, वय झालं का होते."

"मशीन खराब म्हटलं असतं तर तू म्हटलं असतं, तुले कसं माहीत? मंग हे सांगा लागलं असतं." त्याने मशीनकडे मान हलवली. "मले वाटलं तू दोन-चार दिवसांत विसरून जाशील. दवाखान्यापर्यंत जाशील असं नाई वाटलं."

"गेल्यावर तर समजलं ना तुले."

"मंग सांगणं अजूनच कठीण झालं," तो म्हणाला.

मी खाली बसून ते मशीन काढलं. कोपऱ्यातले दोन रद्दी तुकडे घेतले, खुणा केल्या, तुकडे बेंचवर शिकंज्यात आवळले. तो "ताई, राहू दे" म्हणत होता. मी एकेका तुकड्यात खाच पाडली. नेसूची साडी साक्षगंधाची होती, तिच्यावर भुसा उडाला. मी दोन खाचांत एक बिस्किट घातलं, कोरडंच, गोंदाशिवाय, आणि तुकडे एकमेकांवर दाबले. वरून बोट फिरवलं. सपाट. पुन्हा एक जोडी केली. तीही सपाट.

माझा हात हलत नव्हता. डॉक्टरांनी सांगितल्यावर मला जे पटलं नव्हतं ते तिथे पटलं, आणि पटल्याबरोबर मी रडायला लागले. भावाने पुढे येऊन माझ्या खांद्याला हात लावायला पाहिलं. मी म्हटलं, "हात नको लावू." त्याच आवाजात मी त्याला लहानपणी ओरडायची. तो लगेच मागे झाला.

"तू हेच घेऊन जाय," तो म्हणाला. "खरंच. मी दुसरं पाहीन."

मी साडी झटकली आणि बाहेर येऊन नवऱ्याला निघू या म्हटलं. भावजयीने डब्यात लाडू भरून दिले. ती घाबरलेली दिसत होती. आपल्याच बोलण्याने काहीतरी झालं हे तिला कळलं होतं. मी तिला जवळ घेतलं. तिचा काय दोष?

गाडीत नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मशिनीवरून भावाशी तोडतेस का आता?" मी म्हटलं, मशिनीवरून नाही. हिंगणघाट येईपर्यंत तो विचार करत होता. मग म्हणाला, "मला त्याने असं माझ्या डोळ्यांबद्दल सांगितलं असतं तर मी गाडी चालवणं सोडलं असतं." त्यापुढे त्याने हा विषय काढला नाही.

मी लॅबमध्ये बाळांचं रक्त पुन्हा काढू लागले. पहिल्या दिवशी घाम आला. आठवडाभराने तो येणं थांबलं.

पुढच्या महिन्यात एका रविवारी भाऊ न सांगता आला. त्याचं मशीन खोक्यासकट आणलं होतं. पोर्चमधल्या कुंड्या सरकवून त्याने ते खाली ठेवलं आणि म्हणाला, "हे तुहं." मी त्याला चहा दिला. चहा संपल्यावर खोकं उचलून त्याच्या गाडीला बांधून दिलं. तो म्हणाला, "मी चुकलो ना ताई. किती दिवस ठेवशील मनात?" मी म्हटलं, "मले नाई माहीत." खरंच माहीत नव्हतं. तो बराच वेळ गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता.

मशीन मी स्वतःच आणलं. नागपूरच्या त्याच दुकानात एकटी गेले. सोबत घरून गुण्या नेला होता, सुतारांचा काटकोन, आणि दोन रंधलेले तुकडे. तिसऱ्या तऱ्हेतलं साधं मॉडेल काढायला लावलं. टेकणपट्टी आवळून, गुण्या लावून पाहिलं, मग दुकानदाराला म्हटलं, "यहीं चलाके देखूंगी." त्याने थोडं तोंड वाकडं केलं, पण प्लग दाखवला. मी त्याच्या काउंटरवर खाचा पाडल्या आणि जोड तपासून घेतला. सगळ्या सोयींचं मॉडेल मला लागत नव्हतं. साध्यात जे हवं ते होतं. जुन्या मशीनची बिस्किटं याला चालली, तेवढाच फायदा. जुनं मशीन कोणाला दिलं नाही. दिलं असतं तर त्या माणसालाही आपलाच हात वाईट वाटला असता.

टेबल उन्हाळ्यापर्यंत झालं. पाट घासून घासून पातळ झालेला, म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या द्याव्या लागल्या. आम्ही दोघं त्यावर जेवतो. मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्याने फोटो काढून मित्रांना पाठवला.

वैशाखात भाचीचं लग्न झालं. आत्याचं जे जे असतं ते सगळं मी केलं. हळद लावली, पोरीला सासरी पाठवताना भावजयीला धरून उभी राहिले. भाऊ मांडवाच्या खांबाशी एकटाच रडत होता, तेव्हा मी त्याला पाणी नेऊन दिलं. माणसं म्हणाली, बहीणभाऊ असावेत तर असे. आम्ही दोघांनीही ऐकलं.

त्याचा फोन अजून येतो. रविवारी नाही, कधीही येतो. तो तुरीचं सांगतो, पोरीच्या सासरचं सांगतो. मी विचारते, तो विचारतो. मध्ये माझा गुडघा दुखू लागला होता, महिनाभर जिना चढताना त्रास झाला. त्याने फोनवर विचारलं, "तब्येत कशी हाये ताई?"

"चांगली हाये," मी म्हणाले.